नुकसानीचं कारण

खारपाखाडीत चर्चला देऊळच म्हणतात.
त्या देवळात तीन महिने परांचीवर बसून
मी चुन्याचे थर उतरवत होते,
नखाएवढे, नखाएवढे.
सहावा निघाला आणि खाली निळं दिसलं.

सायबिणीचा चेहरा शाबूत.
कानात इथल्या बायका घालतात तसल्या कुड्या,
पायाशी होडी, होडीत चार बोंबील;
रंगवणारा याच खाडीकाठचा असावा.
झगा मात्र कंबरेखाली नुसता खरवडलेला.
ओल नाही, मिठाचा फुलोरा नाही.
हात पोचेल तिथवरच सगळी नासधूस.

अहवालात रकाना असतो: नुकसानीचं कारण.
लिहिलं, विद्रूपीकरण. अज्ञात व्यक्ती.

इस्पेरांस रोज मेणाचे थेंब खरवडायला यायची.
खालून म्हणाली, काय लिवतं गो?
वाचून दाखवलं.
तिनं चष्मा पदराला पुसला, पण घातला नाही.
भिंतीकडे न बघताच
एका खळग्यात बरोबर बोट ठेवलं.

"ह्यो माज्या आयचा.
मना गोवर आलेला. तिनं नखानं रंग काढला,
पान्यात कालवून पाजला.
त्यो बाजूचा इनासच्या घरचा. त्यांचा पोर नाय वाचला.
मंग नवा पाद्री आला, त्यानं चुना मारला.
लोकं चुन्यावरून पन हात लावीत."

चव कशी होती, मी विचारलं.
"पाटीवरची माती चाटल्यासारी."

प्रयोगशाळेचं पत्र आलं:
चुना, डिंक, कपड्यांना घालतात ती नीळ.
औषध म्हणावं असं काही नाही.

मी रकाना खोडला.
कोरा ठेवला तर कागद परत येतो,
म्हणून शेवटी लिहिलं: वापर.
ऑफिसातून फोन. वापर म्हणजे काय?
खड्डे भरायचे की नाही ते सांगा.

उद्या सांगते म्हणाले
आणि कंदील धरून मोजत बसले.
एक्केचाळीस.
सगळे आयांच्या उंचीचे,
एक सोडून.
तो माझ्या गुडघ्याइतका खाली,
उथळ, वेडावाकडा,
दोनतीनदा प्रयत्न केल्यासारखा.
कुणा पोरानं काढला असेल,
घरात कोण आजारी होतं म्हणून.

इस्पेरांसला विचारलं.
तिला तो माहीत नव्हता.
ती वाकली, बराच वेळ वाकून राहिली,
मग मेणाचा डबा उचलून
दुसऱ्या दारानं गेली.