छाट

व्यंकटेशनं पुण्याहून फोन केला:
आई, सही करून टाक, पैसे मी भरतो.
म्हणून श्रीशैल बिराजदार नावाचा पोरगा
भर चैत्रात, दुपारी दोन वाजता,
विडी घरकुलातल्या माझ्या दोन खोल्यांची
वॉरंटी घेऊन दारात उभा.
गळ्यात टाय. आधी पाणी दिलं.

वर्षाला सहा हजार चारशे नव्व्याण्णव,
वर जीएसटी,
वर दर खेपेला कारागिराचे साडेतीनशे.
बोटांच्या पेरांवर मांडलं:
एकही स्क्रू फिरायच्या आत
साडेसात हजारांच्या पुढं.

मोटर बसते का यात?
बसते, आजी.
जळली तर?
बदलून मिळेल.
नळाला पाणी नाही, नुसती हवा ओढत जळली तर?
त्यानं पान उलटलं.
कूलर? पंखा आणि पंप आहे, गवत नाही.
क्षारानं बुजलेला नळ?
पाण्याच्या प्रतीमुळे झालेलं नुकसान वगळून.
स्लॅब? बांधकामातला दोष वगळून.
आणि तळाशी, मुंग्यांच्या रांगेएवढ्या अक्षरांत,
नेहमीच्या वापरानं होणारी झीज वगळून.

पोरा, म्हटलं,
घर आणखी कशानं मोडतं रे?

तेहतीस वर्षं विड्या वळल्या मी.
हजार मोजून कारखान्यात न्यायच्या,
चेकर मूठभर उचलायचा, धड बघायचाही नाही:
ही ढिली, ही बारीक, हिचं तोंड नीट मुडपलं नाही.
हजार वळायच्या, नऊशेचे पैसे.
काढलेली छाट परत मिळायची नाही,
तीही कुणीतरी कुठंतरी ओढायचंच.
छाट वाचायला मला चष्मा लागत नाही.
फक्त आज पहिल्यांदा
सूप माझ्या मांडीवर होतं.

मग मी वही काढली, सात वर्षांची.
कूलरची वायंडिंग, सहाशे पन्नास.
टाकीचा बॉल कॉक, एकशे ऐंशी.
मोटर दोनदा, एकवीसशे आणि चौदाशे,
दुसऱ्या वेळी मैनुद्दीननं मजुरी घेतली नाही,
शेंगाचटणीचा डबा नेला, तोही लिहिलाय.
मोरीचं दार. पंख्याचा कंडेन्सर, दोनदा.
सगळं मिळून नऊ हजारांच्या आत.
सात वर्षांत. पोरगा वहीकडे बघत राहिला,
शाळेत चुकलेलं गणित बघावं तसा.

एकच विचारते, म्हटलं.
आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी,
पहाटे तीनला, दीड तास.
मोटर जळते ती तेव्हाच, एरवी ती चालतेच कुठं?
तुमचा माणूस किती वेळात?
अठ्ठेचाळीस तासांत, आजी. कामकाजाच्या.
रविवार धरून?
सोडून.

मैनुद्दीन साडेतीनला यायचा,
लुंगीवर, बॅटरी दातांत धरून.
यायचा, म्हणतेय मी.
आता चौऱ्याहत्तरावा लागला त्याला,
मोतीबिंदू एका डोळ्याचा काढला, एका डोळ्याचा राहिलाय,
टेस्टर धरला की हात हलतो.
पोरगा हैदराबादला, मॉलमध्ये कपडे घड्या घालतो.
या वहीत ते कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कळलेलं नाही.

म्हणून कागद फाडला नाही.
सही केली नाही तशीच
सुपाखाली सरकवून ठेवला.
व्यंकटेशला सांगितलं, वाचतेय.

जाताना श्रीशैलनं आणखी पाणी मागितलं.
पेला तोंडाशी नेता नेता थांबला,
कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघून म्हणाला,
आज कितवा दिवस?
चौथा.
त्यानं अर्धाच प्यायला,
उरलेल्यावर ताटली झाकून ठेवली.
टाय होता,
पण पोरगा सोलापूरचाच.