गुंजीची पेटी

लोंढ्याच्या जुन्या पार्सल खोलीत आता
तिकीट पंधरा रुपये. चपला काढायची गरज नाही,
तरी आप्पांनी काढल्या.

मीटरगेजचा हातभर तुकडा, पितळी कंदील,
सव्वातीनवर अडकलेलं सागवानी घड्याळ.
काचांवर चिठ्ठ्या.
आप्पा चिठ्ठ्या वाचत नाहीत,
वास घेत जातात.

कोपऱ्यात लाल पेटी,
लोखंडी गोळा पोटात धरून बसलेली.
"ही आमची गुंजीची,"
बाजारात कुणी आपली विकलेली म्हैस ओळखावी
तसे म्हणाले.

गाईड शिवलीला, विशीतली,
पाठ केलेलं अर्ध्यात सोडून बघत राहिली.
"नीव हेळ्री अज्जा. तुम्हीच सांगा की."

मग निम्मं तिच्या भाषेत, निम्मं आमच्या:
ही एकट्यानं उघडत नाही बघ.
तिकडं खानापुरात रुद्रगौडानं बटण दाबून धरायचं,
तवा इकडं गोळा सुटायचा.
गोळा ड्रायव्हरच्या हातात, मग गाडी.

अकरा वर्षं.
भेटलो असू दोन-तीनदा, तोंड आठवत नाही.
ठोका आठवतो.
शेवटचा जरा लांबवायचा,
पान थुंकून आल्यासारखा.
ताप असला की कळायचं.

मी झाले त्या रात्री कुठली गाडी नव्हती.
आप्पांनी तीन ठोके दिले.
पलीकडून सात आले.
नियमाच्या पुस्तकात सात नव्हतेच.

शिवलीलानं पाटीकडं पाहिलं, मुट्टबेडी,
मग दाराकडं,
मग काचेची किल्ली फिरवली.

आप्पांनी बाह्या सारल्या.
एक. थांबून, दोन.
पेटीमागून तार निघते, वीतभर जाते
आणि फरशीवर संपते.
बाहेरून वास्कोची मालगाडी गेली
कुणाला काही न विचारता.
आम्ही उभे.
"जेवायला बसला असंल," आप्पा म्हणाले.

पाचला बंद होतं. पाच वाजून गेले.
शिवलीलानं अभिप्रायाची वही पुढं केली.
वर कुणी 'फार छान', कुणी बदाम काढलेला.
आप्पांनी चष्मा पुसला,
कोऱ्या पानावर आधी रकाने आखले:
१६.४०. खानापूर. घंटी दिली. उत्तर नाही.

सही केली.
खाली एक ओळ
मोकळी सोडली.