दोनशे दहा

वूच शहरात, बावुती भागात, चौथ्या मजल्यावर
बोगुमिवाबाई तीन आठवडे विषय शोधत होत्या.
टेबलावर मेणकापड, मेणकापडावर शाळकरी वही,
बशीत बीटचे लाल डाग.
कोटांचा कारखाना ऑगस्टात बंद झाला होता.
एकतीस वर्षांच्या बदल्यात
एक पाकीट, एक शाल, आणि स्वतःची कात्री
घरी न्यायची परवानगी.

भाचा क्सावेरी रविवारी यायचा,
बूट दाराशी काढून. लॅपटॉप आधी, मिठी नंतर.
लिहून पोट भरायचं असेल तर, मावशी,
आधी ठरव, कशावर.
आरोग्य? तिथे डॉक्टरांची झुंबड.
पैसा? "त्याच्याबद्दल मला ऐकूनच माहीत."
प्रवास? त्या एकदा समुद्र बघून आल्या होत्या,
पाऊण दिवस.

मग सूप.
सूपवर अख्खं जग लिहितंय, अरुंद कर.
आंबट सूप. अजून अरुंद.
बीटचं आंबट सूप. अजून.
आईचं, नाताळच्या आदल्या रात्रीचं, वाळक्या अळंब्यांचं...
इथे बाई थांबल्या.
ते विकायचं नाही, म्हणाल्या,
आणि पानावर आडवी रेघ मारली,
इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली.

क्सावेरीकडे आकडे असत.
कुठल्या शब्दापाशी महिन्याला किती माणसं येतात,
किती दार वाजवून परत जातात.
बाईंना मोजमाप कळायचं:
कापड किती, शिलाईत किती जाणार.
कळत नव्हतं ते एवढंच, की
अंग कुणाचं?

चौथ्या रविवारी शेजारच्या ल्युत्सीनाच्या कोटाचं अस्तर
कापायचं राहिलं होतं.
बाईंनी नमुन्याचा कागद फिरवला,
बाण खोडून दुसऱ्या दिशेला काढले
अन् कात्री उचलली.
"हे काय करतेस?"
"काही नाही. उलटं करतेय."
"का?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.
शाळेत मास्तरीणबाईंनी हाच हात
फितीने बाकाला बांधला होता,
पोरं "मान्कुत, मान्कुत" ओरडायची.
कारखान्यात मुकादम म्हणे, तुझं यंत्र भिंतीकडे,
कोपर कुणाला लागायला नको.
डावललेला हात.
(आपल्या भाषेत तर तो या शब्दातच बसलाय,
आणि देवाचा होकारसुद्धा उजवाच.)

क्सावेरीने आकडा काढला. तोंड पडलं.
डावखुऱ्यांचं शिवणकाम? फारच थोडे.
"थोडे म्हणजे किती?"
"महिन्याला दोनशे दहा."

बाई खुर्चीत बसल्या.
दोनशे दहा!
अरे, आमच्या मजल्यावर सगळे मिळून साठ होतो,
आणि त्यात मी एकटी.
हे लोक इतके दिवस होते कुठे?

पहिला लेख चार दिवस चालला:
कात्रीची कुठली पात वर हवी,
खडूची रेघ पात्याखाली का लपते,
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा का पडतो,
आणि तो पडला म्हणजे तुम्ही अडाणी नाही.
शेवटचं वाक्य क्सावेरी काढ म्हणाला.
काढलं नाही.

पहिल्या महिन्याची कमाई अकरा झ्वोती.
त्यात त्याला केक खाऊ घातला,
वर पदरचे चार घालावे लागले.

अडचण फोटोंची.
डावा हात कामात, म्हणजे कॅमेरा उजव्यात.
शाळेने बळेबळे लिहिता केलेला तो हात
आता नुसता साक्षीदार. थरथरायचा.
होबार्टहून कुणी डेस्मंड, शिडं शिवणारा,
वय एकोणसत्तर, त्याने कळवलं:
चित्र हललंय, बाई.
पण हात बरोबर आहे.