गरम, गार आणि तिसरं

वडगावातले साठ माग माझ्या कानांच्या हवाली होते.
झोपेतही सांगायचो, तिसऱ्या ओळीतला चौथा
एक ठोका गिळूलालाय.
माझ्याच छातीतला धोटा वेडावाकडा धावतोय
हे मात्र सुगंधाला कळलं. मनगट धरून
मोजता मोजता तिनं आकडा सोडून दिला.

डॉक्टर मुरगोड रिपोर्टाच्या पाठीवर चित्र काढतात.
डावा वरचा कप्पा, त्याला चार तोंडं,
फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांची.
"गडबड इथनं सुरू होते बघा."
अवघड जागी त्यांची मराठी कन्नडात शिरते:
बिसी म्हणजे डागणं, ठिपक्याला लागून ठिपका,
जांघेतनं वर नेलेल्या तारेच्या टोकानं,
तोंडाभोवती कडं पुरं होईतो.
तण्णगे म्हणजे फुगा. तोंडाशी बसवायचा, गोठवायचं,
एका दमात अख्खं कडं.
वेळ कमी. पण श्वासाच्या पडद्याची नस शेजारी,
तिला गारठा सोसत नाही.
"आणि गरमात?"
"मागं अन्ननलिका."
तिसरं नवीन. विजेचे झटके,
पापणी लवायच्या आत.
हृदयाचा स्नायू तेवढा मरतो, शेजारी बहुतेक वाचतात.
त्याचा खर्च त्यांनी कागदावर लिहिला,
तोंडानं सांगितला नाही.

भाऊ उद्यमबागेत ओतकामाला. म्हणाला, गरमच घे.
सुगंधा म्हणाली, गार.
तिच्या कोपरावर स्टोव्हचा जुना डाग आहे.

मी एवढंच विचारलं, कडं टिकतं का?
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"फट राहते कधी कधी. बिसी असो, तण्णगे असो.
काही महिन्यांनी करंट वाट काढतो.
मग ती फट शोधायला परत आत जायचं."
मला हसू फुटलं, त्यांना वाटलं घाबरलो.
आमच्या गावाच्या पलीकडं रेष मारून किती वर्षं झाली.
लेक चंदगडात दिलेली, सून हुक्केरीची,
नातू खेळतो मराठीत
आणि रडतो कन्नडात.

फुगा घेतला. कागदावरच्या आकड्यामुळं,
उगाच दुसरं कारण कशाला सांगू?
आता जांघेवर वाळूची पिशवी,
भावाच्या साच्यातली वाटावी इतकी जड.
पाय हलवायचा नाही.
पहिले तीन महिने चुकलेला ठोका धरायचा नाही म्हणाले.
सुगंधा धरते.

संध्याकाळी पुतण्यानं कारखान्यातनं फोन लावला.
तो काय बोलला ते ऐकलंच नाही.
मागं तिसऱ्या ओळीतला चौथा
अजून तसाच गिळत होता.