लाभ

दुपारी मार्केट यार्ड पेंगतं तेव्हा
मी वजनाच्या पावत्या बाजूला सारते
आणि पेढीच्या जुन्या कॉम्प्युटरवर पायथन शिकते.
कीबोर्डच्या फटींत हळद.
स्पेसबार तर पिवळाच.

चौकोनी कंसात पोत्यांची वजनं लावली:
५१, ४९.५, ५०,
थप्पी लावावी तशी.
महिरपी कंसात शेतकऱ्याचं नाव,
दोन टिंबं, मग भाव.
कवठेपिरानचे मगदूम तिथे एकदाच बसतात;
पुन्हा लिहिले की आधीचा भाव पुसलाच.

फंक्शन म्हणजे आमचा चहावाला दस्तगीर.
एकदा समजावलं की नुसती हाक पुरते,
कंसात फक्त कटिंग किती ते सांगायचं.
मी रिटर्न लिहायला विसरले,
दस्तगीर गेला तो गेलाच.

काल व्हाइल लूपला थांब म्हणायचं राहिलं.
शेठ जेवून येईपर्यंत
तो एकच पोतं तोलत होता.

आज अडले शून्यावर.
एक लिहून पहिलं पोतं मागितलं
तर दुसरंच पुढे आलं.
"पहिल्याला शून्य कोण म्हणतं?"
जरा मोठ्यानंच बोलले बहुतेक.

काट्याशेजारी लवंडलेले भूपालअण्णा,
डोळ्यांवरचा टॉवेल तसाच:
"आम्ही तरी पहिल्याला एक कुठं म्हणतो, पोरी?"

चार वाजता ट्रॉली लागली.
हमालाच्या पाठीवरून पोतं काट्यावर,
आणि अण्णांचा तो लांबवलेला सूर:
लाऽभ.
दोन.
तीन.

मी एक खोडून शून्य टाकलं.
एक्कावन्न.
मगदूमांचं पहिलं पोतं.