पोटरीतले दहा दिवस

ऑगस्टात अंट्सिराबेच्या गवतावर दहिवराची साय गोठते.
तेव्हा आम्ही रोपांचे ट्रे रात्रभर उघड्यावर ठेवले होते,
एकशे बारा वाण, प्रत्येकी दोन-दोन पानांचे.
सकाळी व्हुआहिरानाबाई चष्मा पुसत फिरल्या,
हिरव्याला एक, करपलेल्याला नऊ.
आमच्या परीक्षेत नऊ म्हणजे नापास.

एकोणनव्वद नंबरला नऊ मिळाले.
तो कुठल्याच यादीतला नव्हता.
अंकारात्राच्या वरच्या वाडीतून राझानामालाला म्हातारीने
शालीच्या गाठीत बांधून आणलेला, ओंजळभर.
नाव विचारलं तर म्हणाली,
आम्ही त्याला भातच म्हणतो.

मेलेले ट्रे फेकणं माझ्याकडे.
एरवी मी पाण्याचा राखणदार.
झऱ्याचं आणि तळ्याचं पाणी मिसळून
हौद सतरा अंशांवर धरायचा,
रात्री तासातासाला उठून.
एवढीच माझी विद्या.

फेकताना दिसलं, तीन रोपं मुळाशी अजून ओली.
हौदाच्या कोपऱ्यातल्या चिखलात खोचून दिली.
विज्ञानासाठी नाही,
फेकवेना म्हणून.

जानेवारीत भात पोटरीत आलं.
पानाच्या म्यानात लोंबी निजलेली,
बाहेरून नुसता फुगवटा,
बोटांनी चाचपला तरच कळणारा.
बाई वरच्या दोन पानांच्या सांध्यांमधलं अंतर पट्टीने मोजत.
शून्य आलं की म्हणत, सोडा.
मी झऱ्याची फळी उचलायचो.

दहा दिवस गार पाणी.
पानं हिरवीगार, काही बिघडल्याची खूण नाही.
बिघडतं ते आत,
परागाच्या चिमूटभर पिठात,
जे अजून पीठही झालेलं नसतं.
आपल्याला कळतं महिन्या-दीड महिन्याने,
लोंबी निसवते आणि वाकत नाही तेव्हा.
ताठ मानेचं कौतुक भातात नाही.

ऑगस्टात ज्यांना एक मिळाला होता
त्यांतले कितीतरी असे ताठ उभे.
बाई दाणे चिमटीत दाबून पुटपुटत राहिल्या,
भरला, पळंज, पळंज,
पळंज.

कोपऱ्यातली तिघं मात्र
ओझ्याने पाण्यात तोंड घालून बसलेली.
बाईंनी दाणे मोजले, पुन्हा मोजले, मग माझ्याकडे बघितलं.
सांगावंच लागलं.
रागावल्या. ना चिठ्ठी, ना नोंद,
तीन रोपांचा कुठे पुरावा होतो?
आणि वहीच्या समासात, पेन्सिलीने, ८९ लिहिलं.

बियाणं मागायला आम्ही वरच्या वाडीला गेलो.
म्हातारी हसली नाही, चिडलीही नाही.
कोवळं असताना त्याला गोठ्याच्या भिंतीशी ठेवतात,
गुरांच्या उबेला.
मोठं झालं की मग डोंगराचं पाणी पितं ते.
तुम्ही काही विचारलंच नाहीत.

आता एकोणनव्वदला स्वतःची चिठ्ठी आहे,
स्वतःची रांग,
आणि आज रात्री पोटरीतला चौथा दिवस.
काटा साडेअठरावर सरकलाय.
उठायला हवं.