किती डोळे पुरतील

साहेबांनी फोनवर विचारलं, किती माणसं लागतील?
पाच धरा की मॅडम, पाचांत भागतंय.

अशोक चौकात भाड्याच्या खोलीत मी यंत्र मांडलेलं.
पडद्याच्या बुडाशी काळी पट्टी,
बुबुळावर न दिसणारा उजेड टाकून
नजर कुठं बसते, कुठून उठते ते टिपणारी.
पडद्यावर नळाच्या पाण्याचं वेळापत्रक.

बटण सापडत नसेल, तर पाचांत कळतं.
दोघं-तिघं तरी अडखळतातच.
पण त्यांना हवा होता नकाशा:
नजर रेंगाळली तिथं लाल, फिरकलीच नाही तिथं निळा,
सगळ्या शहराचा म्हणून भिंतीवर लावायला.

घरी नानांना विचारलं.
छत्तीस वर्षं यंत्रमागावर.
त्यांनी पितळी भिंग काढलं, एका इंचाची खिडकी,
चादरीवर टेकवून सुईच्या टोकानं धागे मोजले.
उभे इतके. आडवे इतके.
"झालं. अख्खी चादर अशीच.
शितावरून भात."
मी म्हटलं, भात एका आधणात शिजतो, नाना.
माणसं वेगवेगळ्या चुलींवरची.
ते हसले नाहीत. भिंग पुसत म्हणाले,
"मग माग बदलला की परत मोजायचं."
एवढंच सांगायला माझ्या पुस्तकाला चार पानं लागली होती.

मोजलं.
मल्लिनाथ हत्तुरे, रिक्षावाला, ओळीनं वाचत गेला, पावती तपासावी तसा.
शबाना बागवान उजवीकडून शिरली, उर्दू शाळेची सवय.
इरण्णाला फक्त त्याची पेठ हवी होती,
बाकीचं पान त्याच्यासाठी नव्हतंच.
दर माणसागणिक नकाशा रंग पालटायचा.
बाराव्यानंतर जरा स्थिरावला.
तिसाव्याला हलला तो
झोपेत कूस बदलावी एवढाच.

कागदावर लिहिलं, चाळीस. बोलवा पन्नास.
काजळ, दुहेरी चष्मे, घामानं ओघळलेलं कुंकू,
काही डोळे पट्टीला सापडतच नाहीत.

नरसव्वा चिलका सत्तेचाळिसावी.
विड्या वळून वळून मान खालीच राहिलेली,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
ह्या ठिपक्याकडं बघा मावशी, आता ह्या.
तिनं बघितलं. नऊच्या नऊ.
यंत्र म्हणालं, समोर कुणी नाही.
पुन्हा. पुन्हा.
"राहू दे गं," ती म्हणाली,
"नळाचं मला ठाऊक हाय.
बोळात घागरी वाजल्या की समजतंय."

नियमाप्रमाणे नोंद बाद.

अहवाल: घेतले बेचाळीस, बाद आठ.
नकाशा देखणा आला, जेवणाच्या ताटासारखा रंगीत.
साहेब म्हणाले, बादवाल्यांचं पान कशाला, काढून टाका,
तेवढंच एक पान कमी.

काढलं नाही.
पट्टीनं बघूनही जे दिसले नाहीत
त्या आठांपुढं
नजरेचा रकाना कोरा,
बाजूला मी पेनानं पेठ लिहिली,
आणि नळाचा वार.